'नाना' : एक उच्चार, अनेक कुळे

ऋग्वेदाच्या नवव्या मंडलातील एकशेबारावे सूक्त सोमाच्या सूक्तांमध्ये येऊन पडले आहे खरे. पण त्याचा खरा विषय माणसांचे धंदे हा आहे. सुताराला मोडलेली वस्तू हवी असते, वैद्याला जखमी माणूस, ब्राह्मणाला सोम गाळणारा यजमान. ज्याचे त्याचे चित्त आपापल्या मिळकतीकडे. तिसऱ्या ऋचेत कवी स्वतःचेच घर उघडून दाखवतो. आपण सूक्ते रचणारा, बाप वैद्य, आई दगडावर धान्य दळणारी. येथे बापासाठी 'तत' आणि आईसाठी 'नना' हे शब्द आले आहेत. 'पितृ' आणि 'मातृ' हे प्रतिष्ठित शब्द हाताशी असताना कवीने ओट्यावरचे, पाळण्याजवळचे शब्द निवडले, ही गोष्ट सूक्ताच्या एकंदर सुराशी जुळणारी आहे. चरणाच्या शेवटी 'नना' येतो आणि लगेच पुढचा चरण 'नानाधियः' या शब्दाने उघडतो. नाना बुद्धीचे, म्हणजे वेगवेगळ्या दिशांना मने असलेले हे कुटुंब. 'नना' आणि 'नाना' यांत फक्त एका मात्रेचे अंतर आहे, आणि मध्ये एकही शब्द नाही.

या दोन शब्दांचा एकमेकांशी संबंध काय? व्युत्पत्तीच्या दृष्टीने काहीच नाही. कवितेच्या दृष्टीने मात्र पुष्कळच आहे. या दोन उत्तरांची गल्लत झाली की शब्दमीमांसाही बिघडते आणि काव्यमीमांसाही. मराठी समीक्षेत ही गल्लत वारंवार होत आली आहे, आणि 'नाना' हा उच्चार ती तपासून पाहण्यास फार सोयीचा आहे. कारण तो जगातील कितीतरी भाषांत आढळतो आणि ठिकठिकाणी त्याचे कूळ निराळे असते.

'नना' या शब्दाशी पहिली झटापट यास्काने केली. निरुक्ताच्या सहाव्या अध्यायात त्याने या ऋचेतील दोन्ही शब्दांचा अर्थ दिला आहे. 'तत' हा संततीशी निगडित शब्द. तो बापाचा किंवा मुलाचा वाचक. 'नना' हा 'नम्' या धातूपासून. अर्थ आई किंवा मुलगी. यातील व्युत्पत्तीचा भाग टाकाऊ आहे आणि अर्थाचा भाग अतिशय मोलाचा आहे. नामे धातूंपासूनच निघतात, हा शाकटायनाचा पक्ष यास्काने उचलला होता. सगळीच नामे तशी निघत नाहीत, असे म्हणणारा गार्ग्य त्याच ग्रंथात पूर्वपक्ष म्हणून उभा आहे. 'नना'च्या बाबतीत गार्ग्याचे बरोबर होते. पाळण्यातल्या शब्दाला धातू नसतो. परंतु 'आई किंवा मुलगी', 'बाप किंवा मुलगा' असा जो विकल्प यास्काने नोंदवला, त्यात या शब्दांचा स्वभाव नेमका पकडला गेला आहे. असे शब्द नात्याच्या दोन्ही टोकांना चालतात. संस्कृतातील 'तात' वडिलांनाही आणि मुलालाही. तेलुगूत 'नान्न' म्हणजे वडील. पण तेलुगू आई-बाप लाडाने मुलालाच 'नान्ना' अशी हाक मारतात. मराठी आई हट्टी पोराला 'ऐक रे बाबा' म्हणते तेव्हा ती त्याला बाप बनवत नसते. बोलणारा आणि ऐकणारा यांच्यामध्ये ये-जा करणारा हा शब्द आहे. त्याला एका व्यक्तीवर खिळवून ठेवण्याचे काम नंतर समाज करतो.

'नाना'ची गोष्ट अगदी वेगळी. त्याला पाळणा ठाऊक नाही. तो व्याकरणाच्या घरात जन्मला. पाणिनीने अष्टाध्यायीच्या पाचव्या अध्यायात एकाच सूत्रात 'विना' आणि 'नाना' हे दोन्ही शब्द सिद्ध केले आहेत. 'वि'पासून विना, निषेधार्थक 'न'पासून नाना. आणि दोहोंचा अर्थ त्याने 'न सह' असा दिला. सोबत नसणे, हा 'नाना'चा मूळ अर्थ. अनेकपणाचा अर्थ तेथून वाढला : जे एकत्र नाही ते वेगवेगळे, जे वेगवेगळे ते पुष्कळ. उपनिषदांत हा शब्द तत्त्वज्ञानाच्या ऐन मोक्याच्या जागी येतो. या विश्वात जो 'नाना' पाहतो तो मृत्यूकडून मृत्यूकडेच जातो, असे कठ आणि बृहदारण्यक दोन्ही सांगतात. तेथे 'पुष्कळ' हा अर्थ पुरेसा नाही. पुष्कळपणाला उपनिषदांची हरकत नाही. हरकत आहे ती 'न सह'ला, सुटेपणाला. पाणिनीचे सूत्र जवळ ठेवून वाचले तर त्या वाक्याची धार कळते. व्युत्पत्ती वाचनाला उपयोगी पडते ती अशी, शब्दाच्या स्वतःच्या भाषेतील इतिहास म्हणून.

पाळण्यातल्या शब्दांचे कूळ कसे शोधावे, याचे पद्धतशीर उत्तर रोमान याकोब्सन यांनी १९६० साली प्रसिद्ध झालेल्या 'मामा' आणि 'पापा' या शब्दांविषयीच्या निबंधात दिले. मानवशास्त्रज्ञ मर्डॉक यांनी जगभरच्या भाषांतून आई-बापासाठी वापरले जाणारे १०७२ शब्द जमवले होते. ५३१ आईचे, ५४१ बापाचे. याकोब्सन यांनी दाखवले की आईवाचक शब्दांपैकी ५५ टक्क्यांत म, न यांसारखी अनुनासिके आहेत, बापवाचक शब्दांत ती केवळ १५ टक्क्यांत आढळतात. त्यांचे स्पष्टीकरण शरीराचे आहे. तोंड स्तनाला लागलेले असताना मुलाला जो एकच आवाज काढता येतो तो नाकातून येणारा. पुढे दूध दिसले की, दूध हवे असले की, आणि मग दूध देणारी दिसली की तोच आवाज निघतो. मोठी माणसे तो आवाज उचलतात, त्याला स्वर जोडतात, दोनदा म्हणतात आणि शब्द म्हणून मुलाला परत करतात. म्हणजे असा शब्द एका भाषेकडून दुसरीने घ्यावा लागत नाही, तो पिढ्यान्‌पिढ्या उतरत आलाच पाहिजे असेही नाही; तो घरोघर नव्याने जन्मू शकतो.

सोस्यूर यांनी चिन्हाची यादृच्छिकता सांगितली तिला यामुळे बाध येतो, असे काहींना वाटते. वस्तुतः बाध फार थोडा येतो. ध्वनी शरीराने दिला, हे खरे. पण तो कोणाला चिकटवायचा हे शरीर ठरवत नाही. चिनी भाषेत 'नायनाय' ही वडिलांची आई. उत्तर वेल्समध्ये 'नाइन' ही आजी. रशियनमध्ये 'न्यान्या' ही मूल सांभाळणारी दाई. इंग्रजी घरांत 'नाना' ही आजी. आणि बॅरी यांच्या १९०४च्या 'पीटर पॅन' नाटकात मुलांना सांभाळणाऱ्या कुत्रीचे नाव 'नाना' आहे, ही थट्टा इंग्रजी प्रेक्षकाला न सांगता कळते. स्पॅनिशमध्ये 'नाना' ही व्यक्तीच नव्हे, ती अंगाई आहे. द फाया यांच्या १९१४च्या लोकगीतमालेत एका गीताचे नाव तेवढेच आहे. हिंदीत नाना आईचे वडील. तेथे अनुनासिक आईच्या अंगाला राहिले, मात्र पुरुषाकडे गेले. तेलुगूत तर ते थेट बापाकडे गेले. याकोब्सन यांच्या १५ टक्क्यांत बसणारी ही उदाहरणे नियम मोडत नाहीत. नियम हा कलाचा आहे, सक्तीचा नाही, एवढेच दाखवतात. मराठीचा नात्याचा कोठा याकोब्सनांना आवडला असता : मामा, मामी, मावशी आईकडचे, बाप, बाबा, काका, दादा बापाकडचे. त्यात 'नाना'ला नेमकी खोलीच नाही. कोणाच्या घरी नाना म्हणजे वडील, कोणाच्या घरी थोरले काका, कोणाच्या घरी आजोबा, तर कोणाच्या घरी नुसतेच मान द्यायचे शेजारी. अण्णा, आप्पा, तात्या यांच्या पंगतीत तो बसला आणि नाते सोडून आदर तेवढा शिल्लक ठेवला.

नात्याच्या शब्दाचा आदरवाचक होणे ही प्रक्रिया सार्वत्रिक दिसते. उत्तरकालीन लॅटिनमध्ये 'नोन्ना' हे वडीलधाऱ्या बाईचे संबोधन होते. इटालियनमध्ये ते आजीजवळ राहिले, चर्चमध्ये ते जोगिणीला लागले, आणि इंग्रजीतून मराठीत आलेला 'नन' हा शब्द त्याच संबोधनाचा वंशज आहे. येथे वंशावळ खरी आहे. टप्प्याटप्प्याने दाखवता येते. आफ्रिकेत घाना देशातील आकान भाषेचे उदाहरण याहून बोलके आहे. आकानमध्ये 'नाना' म्हणजे आजा किंवा आजी, आणि नातवंडही. यास्काचा 'आई किंवा मुलगी' हा विकल्प तेथे एक पिढी ओलांडून पुन्हा भेटतो. त्याच भाषेत राजांना आणि सरदारांना 'नाना' ही पदवी लागते. इंग्रजांनी १८९६ साली पकडलेला आणि १९०० साली सेशेल्स बेटांवर धाडलेला अशांतीचा राजा नाना प्रेम्पे, आणि १८५७ मध्ये इंग्रजांशी लढलेले नानासाहेब पेशवे यांच्या नावांत एकच उच्चार आहे. हौशी संशोधकाला येथे मोह होतो. पश्चिम किनाऱ्यावरून आफ्रिकेशी व्यापार होता, हबशी होते, सिद्दी होते, मग? पण आकान लोक आफ्रिकेच्या दुसऱ्या किनाऱ्यावरचे, आणि तसा पुरावा असता तरीही त्याची गरज नव्हती. घरातल्या वडीलधाऱ्याचे संबोधन गादीवर बसलेल्याला लावावे, असे दोन समाजांना स्वतंत्रपणे सुचणे यात नवल नाही. खरे नवल असते ते कोणालाच न सुचण्यात.

निव्वळ योगायोगाची उदाहरणे थोडक्यात सांगून पुढे जाता येईल. जपानीत 'नाना' म्हणजे सात. ना-नाची ती द्विरुक्ती नाही आणि तिच्यात कोणतेही मूल बोललेले नाही. हवाई बेटांच्या भाषेत 'नाना' म्हणजे पाहणे, निरखणे. तेथील कुटुंबविषयक परंपरेवर १९७२ पासून निघालेल्या एका प्रसिद्ध ग्रंथाच्या नावाचा अर्थच 'मूळ स्रोताकडे पाहा' असा आहे आणि त्याचा आरंभ 'नाना' या शब्दाने होतो. व्युत्पत्तिकारांनी हे बोधवाक्य म्हणून घ्यायला हरकत नाही. मात्र दर वेळी एकाच स्रोताकडे पाहू नये.

या तिन्ही प्रकारांहून निराळा, आणि म्हणून सर्वांत शिकवणारा, दाखला 'नना' देवीचा आहे. कनिष्काच्या आरंभीच्या ग्रीक लेखाच्या नाण्यांवर 'ननाइया' हे नाव येते, पुढे लेख बॅक्ट्रियन भाषेत होतो आणि नाव 'नना' असे होते. अफगाणिस्तानात रबातक येथे १९९३ साली सापडलेल्या शिलालेखात कनिष्काला राज्य मिळाले ते ननेकडून आणि सर्व देवांकडून, असे म्हटले आहे. ही देवी मेसोपोटेमियातील उरुक नगरीच्या ननायाची वंशज. हे नाते उच्चारावरून ठरलेले नाही. ते ठरले मधल्या साखळीवरून : एलाममधील ननायाचे मंदिर, मकाबींच्या दुसऱ्या पुस्तकातील त्याचा उल्लेख, नाण्यांवरची मूर्ती, लिपी बदलत असताना टिकलेले नाव. उलट मेसोपोटेमियातच उरुकची इनन्ना आणि उर नगरीचा चंद्रदेव नन्ना ही दोन दैवते ननायाच्या इतकी जवळची आवाजाने असूनही तिच्याहून भिन्न आहेत. चंद्रदेव तर पुरुष आहे. शेजारच्या दोन शहरांत जो भेद पाळावा लागतो, तो हजारो कोसांवरच्या भाषांत पाळू नये असे कसे म्हणता येईल? बलुचिस्तानातील हिंगलाज देवीला तेथील मुसलमान 'नानी' म्हणतात आणि तिच्या यात्रेला 'नानी की हज'. ही नानी म्हणजेच कुशाणांची नना, असे सुचवले गेले आहे. सूचना मोहक आहे, भूगोलही आड येत नाही; परंतु मधली साखळी नाही, आणि 'नानी' या नावाचा अर्थ आजी असा तेथल्या कोणत्याही मुलाला लागतो. जो शब्द घरात आपोआप जन्मतो, त्याला उरुकहून आणायचे असेल तर वाटेतल्या प्रत्येक मुक्कामाचा दाखला मागितला पाहिजे.

मराठीत या शिस्तीचा अभाव दोन विरुद्ध दिशांनी जाणवतो. राजवाडे यांची प्रतिभा आणि परिश्रम वादातीत आहेत. पण मराठीतील जवळजवळ कोणताही शब्द समोर आला की त्याला संस्कृत धातूच्या दारात नेऊन उभे करायचे, हा त्यांचा खाक्या यास्काचाच आहे. विश्वनाथ खैरे यांनी या एकाधिकाराला आव्हान देऊन मराठीची तमिळशी असलेली जवळीक पुढे आणली. ते आव्हान आवश्यक होते. बडबडगीतांतल्या, आपण निरर्थक समजतो त्या शब्दांकडेही त्यांनी गंभीरपणे पाहिले. मात्र बडबडगीत हा असा प्रदेश आहे की तेथे कोणत्याही भाषेशी जुळणारे शब्द सापडू शकतात, कारण तेथील शब्द मुलाच्या ओठांच्या आणि जिभेच्या मापाने बेतलेले असतात. संस्कृताकडे जाणारा आणि तमिळकडे जाणारा, दोघेही एक गोष्ट गृहीत धरून चालतात : प्रत्येक शब्दाला एक माहेर असते. या गृहीतकामुळे व्युत्पत्तीचा वाद हां हां म्हणता वडीलपणाचा वाद होतो. कोण कोणाचे ऋणी, कोण आधी, कोण नंतर. 'नाना', 'अण्णा', 'आप्पा' यांपैकी 'अण्णा' आणि 'आप्पा' हे द्राविडी शेजाराने दिले हे सहज मान्य करता येते. कन्नड आणि तमिळमध्ये त्यांची नात्यातली जागा पक्की आहे. म्हणून पंक्तीतला प्रत्येक जण तिकडूनच आला, असे ठरत नाही.

हा वाद केवळ कोशकारांचा नाही. वाचनाशी त्याचा किती निकटचा संबंध आहे, हे ज्ञानेश्वरीत दिसते. १२९० सालच्या या ग्रंथात 'नाना' हा शब्द 'अनेक' या अर्थाने येतो, तसाच तो 'अथवा' या अर्थानेही येतो. दृष्टान्तामागून दृष्टान्त उभे करताना ज्ञानदेव 'कां', 'ना तरी', 'नाना' या अव्ययांनी एक दृष्टान्त थांबवून दुसरा सुरू करतात. आजच्या मराठीत हा दुसरा अर्थ उरलेला नाही. परिणामी ओवीच्या आरंभी 'नाना' दिसला की आजचा वाचक त्याला विशेषण समजतो आणि पुढच्या नामाला जोडतो. नाम एकवचनी असेल तर तो अडखळतो आणि सावध होतो. नाम अनेकवचनी असले की अडखळायलाही काही उरत नाही. वाक्य सुरळीत लागते आणि चुकीचे लागते. ज्ञानदेवांनी दिलेला पर्याय नाहीसा होतो, एका दृष्टान्तावरून दुसऱ्यावर जाताना घेतलेला श्वास नाहीसा होतो, आणि हाती येते ती नुसती रेलचेल. ज्ञानेश्वरीच्या शैलीला 'उपमांचा पाऊस' म्हणून गौरवणाऱ्या समीक्षेने यातील काही पाऊस 'नाना'च्या चुकीच्या वाचनाने पडला आहे काय, हे तपासायला हवे. ज्ञानदेव उपमा ओतत नाहीत. एक ठेवतात, ती पुरी पडत नाही असे जणू जाणवून दुसरी पुढे करतात. 'अथवा' हा त्या शैलीचा कणा आहे. हा 'नाना' संस्कृतचा तोच शब्द की विकल्प दाखवणाऱ्या 'ना'ची द्विरुक्ती, हा प्रश्न येथे दुय्यम ठरतो. सातशे वर्षांपूर्वीची मराठी आणि आजची मराठी यांच्यामधला तो एक फसवा मित्र आहे, हे कळणे महत्त्वाचे.

आता पुन्हा ऋग्वेदातील त्या दोन शेजारी शब्दांकडे वळता येईल. 'नना' पाळण्यातला, 'नाना' निषेधातून निघालेला. कूळ एक नाही. तथापि कवितेत शब्द कुळाने शेजारी बसत नाहीत. ध्वनीचे सारखेपण कवितेत अर्थाच्या सारखेपणाचा किंवा विरोधाचा प्रश्न उभा करते, हेही याकोब्सन यांनीच त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या काव्यशास्त्रावरील निबंधात मांडले. या ऋचेत तो प्रश्न उघड आहे. 'नना' हा घराला एकत्र धरणारा आवाज. त्याला लागूनच, एक मात्रा लांबवून, घरातल्या प्रत्येकाचे मन वेगळे असल्याचा शब्द. सह आणि न सह. कवीने हे योजून केले की त्याच्या कानाने केले, हा तर्क करण्याची आवश्यकता नाही. संहितेत ते आहे. 'नना'ची व्युत्पत्ती 'नम्'पासून मानणारा यास्क हे पाहू शकला नाही, कारण तो शब्दाच्या पाठीमागे पाहत होता. व्युत्पत्ती वेगळी म्हणून ध्वनिसंबंध नाकारणारा आजचा शास्त्रशुद्ध टीकाकारही ते पाहू शकणार नाही. श्लेष आणि यमक ही मुळी असंबद्ध कुळांच्या शब्दांची सोयरीक असते. कुळाचे दाखले मागितले तर ती लग्ने लागायचीच नाहीत.

विशेषनामांच्या बाबतीत हे अधिक गुंतागुंतीचे होते. झोला यांच्या १८८० सालच्या 'नाना' या कादंबरीचे शीर्षक मराठी वाचकाच्या कानावर पडते तेव्हा पहिल्या क्षणी त्याला पागोटे आठवते, पॅरिसची नटी आठवत नाही. मूळ नाव 'आना', त्याचे लाडके रूप 'नाना'. आणि फ्रेंच बोलीत 'नाना' म्हणजे तरुण बाई. याच्या उलट दिशेचा प्रवास तेंडुलकरांच्या 'घाशीराम कोतवाल'ने केला. १९७२ साली रंगभूमीवर आलेल्या या नाटकावरचे वाद नाना फडणवीस या ऐतिहासिक व्यक्तीभोवती फिरले, आणि ते स्वाभाविक होते. पण नाटकात ज्याच्यापुढे घाशीराम आपली मुलगी ठेवतो त्याचे नाव बाळाजी जनार्दन असे उच्चारले जात नाही. 'नाना' असे उच्चारले जाते. मराठी प्रेक्षकाच्या कानात त्या हाकेबरोबर घरातला वडीलधारा माणूस येतो, ओसरीवर बसलेला, ज्याच्यापुढे पोरींनी निर्धास्त वावरावे असा. त्या हाकेने बोलावलेला पुरुष कोवळ्या मुलीची अभिलाषा धरतो, यातला धक्का इतिहासाला बसलेल्या धक्क्याहून आतला आहे, आणि इतिहासावरच्या वादात तो नजरेआड झाला. १९८० साली हे नाटक युरोपच्या दौऱ्यावर गेले. तेथे नाव तेच राहिले, विशेषनाम म्हणून त्याचे भाषांतर करण्याचा प्रश्नही आला नाही. इंग्रजी कानाला त्या नावात आजी ऐकू येणार, फ्रेंच कानाला पोरगी. आणि ज्या एका कानाला त्या उच्चारात ओसरीवरचा वडीलधारा ऐकू येतो, तो त्या प्रेक्षागृहात नव्हता.